वैशाखातले लिंबू : घरचे सरबत आणि घरची माणसे
(शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याशी लिंबाविषयी बोलणार आहे. लिंबाच्या बागेविषयी आपण पूर्वी ऐकले असेल, खत-पाणी, बहार, खैऱ्या रोग वगैरे. आज बागेचे नाही, घरचे बोलायचे आहे. दाराशी किंवा विहिरीवर एखादे कागदी लिंबाचे झाड असले, तर उन्हाळ्यात त्याचे काय काय करता येते, ते कसे करावे आणि ते का करावे, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण माझ्या घरी या लहान विषयाने एका लेकराचा जीव राखला आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडावासा वाटला.

माझे आजोळ पोखर्णीचे. परभणी-परळी लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' हे स्टेशन आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गावात नृसिंहाचे देवस्थान आहे. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते, म्हणजे ऐन उन्हाच्या तडाख्यात. शाळेला सुटी, शेतातली कामे आटोपलेली आणि गावचा उत्सव. त्यामुळे आमच्या आजोळी सगळा गोतावळा त्याच दिवसांत जमायचा. माझी आई, दोघी मावश्या, दोन मामा आणि आम्ही पोरंसोरं धरून वीस-बावीस माणसे. कोणी रेल्वेने यायचे, कोणी एस.टी.ने. आल्याबरोबर पायावर पाणी घ्यायचे आणि माठाशेजारी बसायचे. मग आजी लिंबाचे सरबत करायची.

लिंबाचे झाड न्हाणीच्या मागे होते. सांडपाण्याची चारी त्याच्यापासून दोन हात लांबून काढलेली. बुंध्याला पाणी लागू द्यायचे नाही, हा आजोबांचा कटाक्ष. त्याचे कारण मला पुढे कृषी महाविद्यालयात शिकताना कळले. लिंबाच्या बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या रोग होतो, साल कुजते आणि झाड हळूहळू जाते. आजोबांना रोगाचे नाव माहीत नव्हते, पण गोष्ट माहीत होती.

लिंबे तोडायचे काम आम्हा लेकरांचे, आणि काटे लागले की रडायचे कामही आमचेच. पिळायचे काम मात्र आजी दुसऱ्या कोणाला देत नसे. मी एकदा हट्टाने पिळायला बसले आणि जोर लावून साल पार चेपून टाकली. आजी म्हणाली, "अगं, साल पिळू नगं, कडू व्हतंय. लिंबाचं बी आन् मानसाचं बी, लई पिळलं की कडूच निघतंय."

एका रात्रीची गोष्ट

आता ती गोष्ट सांगते. १९९८ च्या सुमाराची आहे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. जयंतीच्या दिवशी दुपारी आम्ही मुले उत्सवात फिरलो आणि एका गाडीवर बर्फाचा गोळा खाल्ला. लाल, पिवळा, हिरवा, ज्याला जो रंग पाहिजे तो. माझा मावसभाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. त्याने दोन गोळे खाल्ले.

रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. मध्यरात्रीपर्यंत दहा-बारा वेळा झाले. त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. तो रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, "पाणी देऊ नका. पाणी पाजलं की आणखी जुलाब व्हतात." माझी मावशी घाबरून गेली होती. ती त्यांचेच ऐकायला निघाली.

तेव्हा आजी उठली. कोणाशी काही बोलली नाही. चुलीवर पाणी उकळले, परातीत भांडे ठेवून गार केले, त्यात मोजून साखर आणि मीठ घातले, अर्धे लिंबू पिळले आणि लेकराला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजायला बसली. त्याने ओकले की थोडे थांबायची आणि पुन्हा पाजायची. पहाटेपर्यंत तिने ते चालवले. उजाडता थोरल्या मामांनी जीप आणली आणि त्याला परभणीला दवाखान्यात नेले. तिथे सलाईन लावले. डॉक्टरांनी विचारले, रात्री काय दिले? मावशीने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "ते दिलं म्हणून तुम्ही इथपर्यंत आलात."

आजीला हे कोणी शिकवले? आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी घरोघर फिरून सांगितले होते. पण ऐकले तर सगळ्यांनीच होते. आजीनेच ते का धरून ठेवले, ते मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले. १९७२ च्या दुष्काळात आजीचे एक लेकरू असेच जुलाबाने गेले होते. त्या वेळी सगळ्यांनी सांगितले म्हणून तिने त्याचे पाणी तोडले होते. ते लेकरू शेवटपर्यंत पाणी मागत होते. आजी ही गोष्ट कधीच बोलली नाही. पण त्या रात्री ती कोणाचे ऐकणार नव्हती.

बंधूंनो आणि भगिनींनो, जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. पाणी तोडणे म्हणजे विहीर आटत असताना झरा बुजवणे होय. म्हणून पहिली कृती मी सरबताची देत नाही, या पाण्याची देते.

जुलाब-उलटीत द्यावयाचे पाणी

शक्य असेल तर आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी वापरावी. ती घरात आणूनच ठेवावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी. पुडी नसेल तर :

उकळून गार केलेले पाणी १ लिटर, साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ चहाचा अर्धा सपाट चमचा. चवीपुरते थोडे लिंबू पिळले तरी चालते.

चमचा सपाट घ्यावा, शिगोशीग भरू नये. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. पाणी चाखून पाहावे. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये. लहान मुलाला चमच्याने, थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध तोडू नये. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे आणि नवे करावे. मूल मलूल झाले, पाणी पोटात ठरेना, शौचातून रक्त पडले किंवा लघवी बंद झाली, तर घरच्या उपायावर न राहता तडक दवाखाना गाठावा. वाटेतही पाणी पाजत राहावे.

उन्हाने चक्कर येऊन पडलेल्या माणसाविषयीही हेच लक्षात ठेवावे, पण एक फरक आहे. माणूस शुद्धीवर असेल तर सावलीत घेऊन असे पाणी घोट-घोट द्यावे. बडबडत असेल, बेशुद्ध असेल, अंग तापून भट्टी झाली असेल, तर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनळीत जाते. अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

बाहेरचा बर्फ आणि घरचे गारेगार

त्या वर्षापासून आजीने नियम केला. उत्सवात बाहेरचा बर्फ कोणी खायचा नाही. पण लेकरांना नुसते "खाऊ नका" म्हटले तर ती लपून खातात, हे तिला ठाऊक होते. म्हणून त्या दिवशी घरीच मोठ्या पातेल्यात सरबत व्हायचे आणि दारावरून जाणाऱ्या माणसालाही मिळायचे.

बाजारात येणारा सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी आणि इतर नाशवंत माल टिकवायचा बर्फ साध्या पाण्याचा असतो. तो ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली करण्यात आला. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालायचा नाही, हे मुलांनाही सांगून ठेवावे. बर्फ पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला दिसत नाही.

आता खेड्यातही पुष्कळ घरी फ्रीज आला आहे. तेव्हा गारेगार घरीच करावे. दोन पेले उकळून गार केलेले पाणी, दोन लिंबांचा रस, आठ चमचे साखर, चिमूटभर मीठ. हे मिश्रण पिण्याच्या सरबतापेक्षा थोडे जास्त गोड ठेवावे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी लागते. स्टीलच्या लहान पेल्यांत ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. तासा-दीड तासाने अर्धवट गोठले की मधोमध स्वच्छ काडी उभी करावी. गोठल्यावर पेला क्षणभर पाण्यात धरला की कांडी सुटून येते. रंग घालू नये, लिंबाला रंगाची गरज नाही.

फ्रीज नसेल त्यांनी माठाला ओले फडके गुंडाळून वाऱ्याच्या जागी ठेवावा. माठातल्या पाण्याचे सरबत घशालाही बाधत नाही.

गुळाचे पानक

साखर महाग पडत असेल तर गूळ आहेच. आपण ज्याला पन्हे म्हणतो त्याचा मूळ शब्द पानक. आंध्र प्रदेशात मंगलगिरी येथे नृसिंहाचेच देवस्थान आहे आणि तिथे देवाला गुळाच्या पाण्याचे पानकम् अर्पण करतात. नृसिंह तिकडचा काय आणि पोखर्णीचा काय, उन्हाळा दोन्हीकडे सारखाच आहे.

एक लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ विरघळवावा आणि फडक्याने गाळून घ्यावा. त्यात दोन लिंबांचा रस, पाव चमचा सुंठीची पूड, दोन वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ घालावे. पाणी गरम केले असेल तर पूर्ण गार झाल्यावरच रस घालावा. लिंबातले क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. मधुमेह असलेल्या माणसांसाठी गूळ आणि साखर दोन्ही सोडून मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू एवढ्यावर पाणी करावे.

लिंबू स्वस्त असते तेव्हा

आता हिशेबाची गोष्ट. लिंबाला तीन बहार येतात. आंबे बहाराची फळे पावसाळ्याच्या तोंडाला येतात, मृग बहाराची हिवाळ्याच्या तोंडाला आणि हस्त बहाराची उन्हाळ्यात. यांत हस्त बहाराचे उत्पन्न सर्वांत कमी असते. म्हणजे ज्या चैत्र-वैशाखात लिंबाला मागणी, तेव्हाच ते दुर्मीळ आणि महाग. आणि पावसाळ्यात-हिवाळ्यात झाडाखाली सडा पडतो, पण बाजारात नेण्याचे भाडेही सुटत नाही. यावर घरगुती उपाय एकच. मृगाची लिंबे स्वस्त असतात त्या दिवसांत रस काढून त्याचे स्क्वॅश, म्हणजे टिकाऊ सरबत करून ठेवावे. ते वैशाखात पाहुण्यांच्या उपयोगी पडते.

साहित्य : लिंबाचा रस १ लिटर (त्याला मध्यम आकाराची ५५ ते ६० पिकलेली लिंबे लागतात), साखर १ किलो ८०० ग्रॅम, पाणी १ लिटर, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २ ग्रॅम.

कृती : लिंबे धुऊन, पुसून, आडवी कापावीत. बिया चिरडू नयेत आणि साल चेपू नये, दोन्हींमुळे कडवटपणा येतो. रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच घ्यावा. तांबे, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनिअम या भांड्यांत आंबट रस ठेवू नये. साखर व पाणी एकत्र करून उकळी आणावी. एक चमचा रस टाकला की मळी वर येते, ती काढून टाकावी. पाक फडक्याने गाळून पूर्ण गार करावा. मग त्यात गाळलेला रस मिसळावा. शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्याशा स्क्वॅशमध्ये विरघळवून सर्व मिश्रणात नीट ढवळावे.

ही पूड अंदाजाने घालू नये. दोन ग्रॅम म्हणजे फार थोडी असते, ती सोनाराच्या काट्यावर तोलून आणावी. जास्त घातल्याने सरबत जास्त टिकते असे नाही, उलट ते अपायकारक होते. घरात कोणाला दम्याचा विकार असेल तर ही पूड घालूच नये. अशा वेळी थोडेच सरबत करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांत संपवावे.

काचेच्या बाटल्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यात उकळून, पालथ्या घालून कोरड्या कराव्यात. गळ्याशी बोटभर जागा सोडून भराव्यात, बूच घट्ट बसवून त्यावर मेणबत्तीचे मेण ओतावे आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. या प्रमाणात सुमारे तीन लिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या चार बाटल्या होतात. एक भाग स्क्वॅश आणि तीन भाग पाणी घेतले की साधारण साठ पेले सरबत तयार होते. बाटलीत फेस आला, बूच उडाले किंवा आंबूस दारूसारखा वास आला, तर मोह न धरता ते ओतून द्यावे.

उरलेल्या साली फेकू नयेत. बारीक चिरून, मीठ लावून, बरणीत भरून आठ-दहा दिवस उन्हात ठेवाव्यात. मऊ झाल्या की तिखट-गूळ घालावा. भाकरीबरोबर हे लोणचे चांगले लागते आणि आजारी माणसाच्या तोंडाला चव आणते.

दाराशी एक झाड

आजोळचे ते झाड पुढे राहिले नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याने पाण्यासाठी काय सोसले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. न्हाणीलाच पाणी नाही तर झाडाला कुठले? ते वाळले. त्याच्या पुढच्या वर्षी आजी गेली. मामांच्या वाटण्या झाल्या, थोडी बोलाचाली झाली आणि वैशाखातले येणे-जाणे बंद पडले. कोणी कोणाला येऊ नका म्हटले नाही. पण या असेही कोणी म्हटले नाही.

मी कृषी विस्ताराच्या कामाला लागल्यावर एका पावसाळ्यात परभणीहून लिंबाची दोन रोपे नेली. एक थोरल्या मामांच्या दारात लावले, एक धाकट्या मामांच्या. कोणाला बोलले नाही, पण मनात हिशेब होता. कागदी लिंबाच्या 'प्रमालिनी', 'विक्रम' आणि 'चक्रधर' या जाती परभणीच्याच कृषी विद्यापीठाने दिलेल्या आहेत. प्रमालिनीला घोसात तीन ते सात फळे लागतात, विक्रमला पाच ते दहा. विक्रमला मे-जूनमध्येही काही फळे येतात, म्हणून घरगुती वापराला तो सोयीचा. चक्रधरला काटे नसतात. लेकरे ज्या घरी जास्त, त्या घरी तो लावावा.

रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. पाणी साचणारी जागा टाळावी. आपल्या भारी काळ्या जमिनीत खड्डा भरताना चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी मुरूम-वाळू मिसळावी. आळे दुहेरी करावे, म्हणजे बुंध्याभोवती मातीची भर आणि तिच्या बाहेर पाण्याचे कडे. न्हाणीचे पाणी द्यायचे तर ते आधी वाळू-खडीच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि साबण-सोड्याचे पाणी वेगळे काढावे. उन्हाळ्यात आळ्यात पाचट किंवा वाळला पाला पसरावा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळे येऊ लागतात. तोवर धीर धरावा लागतो.

माझ्या दोन्ही मामांनी धीर धरला. मागच्या हिवाळ्यात धाकट्या मामींच्या झाडाला भरपूर लिंबे आली. मी रविवारी गेले, तेव्हा त्यांनी स्क्वॅशची कृती विचारली. साखर त्यांची, बाटल्या मात्र थोरल्या मामींकडे होत्या. बाटल्या मागायला जावे लागले. गेल्या, त्या दोघी तिथेच दुपारभर बसून लिंबे पिळत राहिल्या. मी बघत होते, साल कोणी चेपत नव्हते.

यंदाच्या नृसिंह जयंतीला आम्ही अकरा जण पोखर्णीला जमलो. वीस-बावीसाचे अकरा, पण जमलो. तो मावसभाऊ आता तिशीला आला आहे. तो आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. तिने बर्फाच्या गाडीकडे बोट दाखवले, तेव्हा त्याने तिला उचलून घरी आणले आणि स्वतःच्या हाताने पेलाभर सरबत दिले.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) जुलाबात पाणी कधी तोडू नये. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

२) ओआरएसच्या दोन पुड्या घरात कायम असाव्यात.

३) बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

४) खात्रीचा नसलेला बर्फ मुलांना देऊ नये. गारेगार घरी करावे.

५) लिंबे स्वस्त असताना स्क्वॅश करून ठेवावे. टिकवणारी पूड तोलूनच घालावी.

६) रस काढताना साल व बी चिरडू नये. रस गरम पाकात घालू नये.

७) येत्या पावसाळ्यात दाराशी एक तरी लिंबाचे झाड लावावे आणि त्याच्या बुंध्याला पाणी लागू देऊ नये.

आपल्याकडे कोणी आला की आधी पाणी विचारतात. त्या पाण्यात एक लिंबू पडले तर खर्च फार होत नाही, आणि आलेला माणूस घटकाभर जास्त बसतो.